बंकाखालचा स्पीकर आणि सहाशे मैल

स्पीकर मी होकायंत्राला चिकटवून ठेवला. दोन दिवस आणि एक सकाळ तो तिथेच होता. घाटकोपरला माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली.

हे आधीच सांगून टाकतो. कारण मी हा प्रवास कुणाला ऐकवायला बसलो की माझी बायको नंदा स्वयंपाकघरातून दुसऱ्याच वाक्याला सगळं फोडते, आणि मग लोक पुढचं ऐकत नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहतात. तुम्हीही आत्ताच काय ते बघून घ्या. मग निवांत पुढे जाऊ.

प्रवास होता मुंबई ते कोची. शिडाच्या बोटीने, मध्ये कुठल्याही बंदरात न शिरता. बोट छत्तीस फुटी, म्हणजे आमच्या दुकानापेक्षा लांब आणि दुकानापेक्षा अरुंद. मालक एक निवृत्त दंतवैद्य. ते कोचीला राहायला गेले होते आणि बोट तिकडे आणून विकणार होते. बोट नेऊन द्यायचं काम घेतलं होतं वैशाली परबने.

वैशाली आणि मी एका शाळेतले, एका बाकावरचे. तिचे वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. ती राहते मुलुंडला आणि अंधेरीला एका कंपनीत कंटेनरचे कागद भरते. दुसऱ्याच्या जहाजांतून दुसऱ्याचा माल कुठे चाललाय याची नोंद ठेवायची, एवढंच काम. पण गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी ती शिडाच्या बोटी चालवते, आणि तिला कप्तानकीचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याची अट अशी की स्वतः कप्तान म्हणून सलग सहाशे सागरी मैल काटायचे. बंदर घ्यायचं नाही, नांगर टाकायचा नाही. दोन वर्षांपूर्वी तिने प्रयत्न केला तेव्हा शीड फाटलं आणि गोव्यात शिरावं लागलं. सगळे मैल पाण्यात. आता ही बोट विकली जाणार होती, आणि दुसरी बोट तिला कोण देतंय? शिवाय जानेवारीपासून बोटी पोचवण्याची नोकरी तिला कुणीतरी कबूल केली होती. अट एकच, प्रमाणपत्र दाखव.

"वायरिंग जुनं आहे रे," ती मला म्हणाली. "टेस्टर धरणारा कुणीतरी पाहिजे. येतोस?"

"मला पोहता येत नाही."

"पोहत नाही जायचं, विल्या. बोटीत बसून जायचंय."

माझं आणि समुद्राचं नातं आधीच सांगतो. आमचं गाव परतूरजवळ. तिथे पाणी टँकरने येतं आणि टँकर आला की गाव पळतं. मुंबईत आल्यावर समुद्र बघितला तो वडिलांच्या खांद्यावरून, सहा डिसेंबरला, चैत्यभूमीच्या मागे. त्या दिवशी लाखो माणसं समुद्राकडे पाठ करून रांगेत असतात, त्यामुळे माझ्या मनात समुद्र म्हणजे पाठीमागे असणारी गोष्ट. तो चारी बाजूंनी असू शकतो हे डोक्यातच नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

तिसरा गडी म्हणजे वैशालीचे दाजीमामा. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं मालवणला मासेमारीच्या होड्यांवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, आता मुलाकडे बोरिवलीला अकराव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला शिव्या देतात. बोटीवर पाऊल ठेवताच दहा वर्षांनी लहान झाले.

आणि चौथे केळकर सर. हे माणूस नव्हेत. बोटीवर एक यंत्र असतं, त्याला दिशा सांगून ठेवली की सुकाणू ते स्वतःच धरतं. वैशालीने त्याचं नाव आमच्या शाळेतल्या कवायतीच्या सरांवरून ठेवलं होतं. सर मुलांची रांग अशी सरळ ठेवायचे की एखाद्याचं नाक पुढे आलं तरी पट्टी बसायची.

प्राँग्जच्या दिव्यापर्यंत

निघायच्या आदल्या दुपारी वैशालीने फर्मान काढलं. प्रत्येकी एक पिशवी, मऊ, कडक काही नाही. सगळं कप्प्यांत कोंबून, घट्ट. लाटेत जे सुटं राहतं ते डोक्यात बसतं.

मी वळकटीत गुंडाळून एक स्पीकर आणला होता. स्वतः बनवलेला. सागवानी खोका, आठ इंची कोन, वजनाने गुबगुबीत बाळाएवढा. हे गुपित होतं. बेत असा की सहाशेवा मैल पुरा झाला की वैशालीला न सांगता वर आणायचा आणि दणक्यात वाजवायचा. आमच्या पंतनगरात कुणी दहावी पास झालं तरी स्पीकर लागतो. ही तर कप्तान होणार.

माझ्या बंकाखाली, म्हणजे झोपायच्या फळीखाली, एक कप्पा होता. त्यात फळीला स्क्रूने बसवलेला साबणाच्या वडीएवढा काळा डबा, आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा. स्पीकर तिथे असा बसला की जणू सुताराने माप घेऊनच जागा ठेवली होती. वायरींचा जोडडबा असणार, म्हटलं. टॉवेल कोंबला, झाकण लावलं, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहा प्यालो.

तो काळा डबा म्हणजे केळकर सरांचं होकायंत्र.

सकाळी निघालो. मामांनी नारळ काढला आणि माझ्या हातात दिला. "टाक समुद्रात."

"मामा, आमच्याकडे नारळ वगैरे करत नाहीत."

"खोबरां खातंस मां?"

"खातो."

"मगे धर, नि टाक. तुझ्या वाटचा त्याका दिलंस असां समज."

हा हिशेब मला पटला. टाकला.

प्राँग्जचा दिवा, म्हणजे मुंबईच्या टोकाचा दीपस्तंभ, मागे पडेपर्यंत सगळं झकास होतं. मुंबईचं पाणी आपल्या ओळखीचं, टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. दिव्यापलीकडे ते हिरवं झालं, आणि संध्याकाळच्या सुमाराला असं गर्द निळं की बादलीत काढून बघितलं तेव्हा रंगहीन निघालं याचं मला वाईट वाटलं. वारा मागून, वायव्येचा. शिडाने पोट पुढे काढलं. इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली ती ऐकून मला धंद्याची काळजी वाटली.

वैशालीने केळकर सरांना कामाला लावलं आणि कपाळाला आठी घातली. "कंपास दोनशे दहा सांगतोय. सर दोनशे चाळीस म्हणतायत."

सुकाणूच्या चाकासमोर एक जुनं, पाण्यात तरंगणारं होकायंत्र होतं, ते एक आकडा सांगत होतं. सरांच्या पडद्यावर दुसराच.

"वय झालं असेल," मी म्हणालो.

"तुझं की त्याचं?" ती म्हणाली, आणि तीस अंशांचा फरक धरून सरांना नवी दिशा दिली. तेवढ्यावर भागलं. समुद्र अजून सभ्य होता.

रात्री मामांनी पेज आणि सुकटाची चटणी केली. बोटीची शेगडी झुलती असते. बोट कलंडते, शेगडी सरळ राहते, पाळण्यासारखी. आणि माणूस झोपतो त्या बंकाला कडेने कापड बांधतात, झोळीसारखं, पडू नये म्हणून. आमच्याकडे लेकराला झोळीत टाकतात. इथे अठ्ठेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाला. मी पेज भरपूर खाल्ली. हे लक्षात ठेवा.

दुसरा दिवस, हर्णैच्या बाहेर कुठेतरी

किनारा पन्नास मैलांवर, म्हणजे दिसत नव्हता. वारा पहाटेपासून वाढत होता. शिवाय लांब कुठेतरी खाली कमी दाबाचा पट्टा बसला होता, त्याने पाठवलेल्या लाटा समोरून तिरक्या येत होत्या. वारा मागून ढकलणार, लाट पुढून अडवणार. अशा दोघांच्या भांडणात बोट सापडली की ती चालत नाही, मळली जाते.

पेज परत गेली. सुकटही गेलं. मग आलं-लिंबू गेलं. मग मामांनी कोकम दिलं, ते गेलं. शेवटी नुसती आठवण जायला लागली.

"कसां वाटता?" मामांनी विचारलं.

"घरी जायचंय."

"जा," मामा म्हणाले. "तेका कोण अडवता?"

त्याच वेळी केळकर सरांचं डोकं फिरलं. आधी तीस अंशांची ठरलेली चूक होती, आता चूक दर लाटेला नवी. बोट डावीकडे कलली की सर उजवीकडे धावायचे, उजवीकडे कलली की घाबरून डावीकडे. कारण मला आज माहीत आहे. बोट जशी डुलत होती तसा माझा स्पीकर टॉवेलासकट दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकत होता, आणि त्याचा लोहचुंबक सरांचं होकायंत्र कान धरून फिरवत होता. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की मागे पाण्यात बोटीची जी रेघ उमटते ती सापासारखी चालली आहे.

"ह्यान दारू पिली हा," मामा म्हणाले.

तेवढ्यात सरांनी बोट इतकी वळवली की वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला. शिडाखाली जो आडवा दांडा असतो तो डोक्यावरून सटकन या टोकाचा त्या टोकाला गेला. आम्ही तिघंही खाली बसलो होतो म्हणून हे प्रवासवर्णन मी लिहितोय. मामांनी चाक धरायला हात घातला आणि चाकाची दांडी त्यांच्या मनगटावर बसली. तासाभरात मनगट गोलच्या गोल सुजलं.

वैशालीने सरांना सुकाणूवरून उठवलं, पडदा तेवढा चालू ठेवला, चाक हातात घेतलं आणि मला म्हणाली, "विल्या, आता तुझं काम. बघ काय झालंय."

माझा मोठा क्षण. मल्टिमीटर घेऊन मी खाली उतरलो. फ्यूज तपासले. मोटर तपासली. पडद्याच्या मागचं पॅनल उघडून आत डोकं घातलं, ओकलो, डोकं बाहेर काढलं, परत घातलं. होकायंत्राची वायर कुठून निघते ते शोधलं. ती माझ्याच बंकाखाली जात होती. या टोकाला तपासली, ठीक होती. पोटातून उलटी वर येत असताना माणूस वायरीच्या दुसऱ्या टोकाला जात नाही. अनुभवाने सांगतो.

वरून वैशालीने विचारलं, "तुझ्या बंकाखालच्या कप्प्यात लोखंडी काही नाही ना?"

आता मी खोटं बोललो नाही. खोका सागवानी होता. शिवाय ते गुपित होतं.

"काही नाही गं. टॉवेल वगैरे."

तिने विश्वास ठेवला. अख्ख्या सफरीत कप्तान म्हणून तिची एवढी एकच चूक झाली.

मी वर येऊन डॉक्टर ऑपरेशननंतर सांगतात तसं सांगितलं, "बोर्ड गेलाय. इथे काही होणार नाही."

"नक्की?"

"सव्वीस वर्षं हेच करतोय मी."

मग हाताने चाक धरणं आलं. दोन तास धरायचं, चार तास सोडायचं. मामा एका हाताने धरत होते, म्हणून त्यांच्या पाळीत अर्धी वैशाली. माझ्या पाळीत अख्खी वैशाली, कारण मी आकडा बघून चाक फिरवायचो आणि आकडा माझ्या पुढे पळायचा. दोनशे हवेत, एकशेसत्तर. फिरव. दोनशेतीस. परत फिरव.

मामा पाठीशी बसून बघत होते. "बोट चलयतंस काय पीठ मळतंस?"

"आकडा हालतोय मामा."

"आकड्याक कित्याक बघतंस? वारो खंयच्या कानाक लागता तां बघ. उजव्या कानामागे लागाक होयो. तो नाकार इलो काय तू चुकलंस."

हे त्यांनी सांगितलं आणि मला जमलं. खरंच जमलं. अर्धा तास ती छत्तीस फुटी बोट माझ्या उजव्या कानावर चालली. लाट आली की बोटीचं ढुंगण उचललं जायचं, ती घसरायची, मी चाक थोडं द्यायचो, ती सावरायची. आयुष्यात कान आवाजासाठीच वापरले होते. मी ओरडून वैशालीला सांगितलं की हे फार सोपं आहे, आणि पुढच्याच लाटेला तोंडावर बादलीभर पाणी घेतलं.

त्या दिवशी माझी आणखी एक गोष्ट कामाला आली. बोटीवर गोडं पाणी मोजून. वैशाली भांडी समुद्राच्या पाण्याने घासून वर दोन तांबे गोडं ओतत होती. ते बघून माझा जीव कळवळला. मी एका पेल्यात तिघांची ताटं धुऊन दाखवली, आमची आत्या परतूरला धुते तशी. आधी हाताने निपटायचं, मग तेच पाणी या ताटातून त्या ताटात, शेवटचं झाडाला.

"झाड खंय आसा?" मामांनी विचारलं. पण ते खूश झाले होते. त्यानंतर भांडी माझ्याकडे.

तिसरा दिवस, सकाळ

सकाळी वैशालीचे हात बघितले. दोन्ही तळव्यांना फोड आलेले, फुटलेले, वर पट्ट्या. डोळे लाल. तिने रात्रभरात दीड तास झोप घेतली असेल. मामांचं मनगट आता बाटलीएवढं झालं होतं आणि बोटं वळत नव्हती. समुद्र होता तसाच, शिडाला दोन घड्या घालून ते अर्धं केलेलं, तरी बोट धावत होती.

नकाशावर आम्ही गोव्याच्या समोर होतो, साठ मैल बाहेर. कोची अजून खूप लांब.

वैशालीने नकाशावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मग म्हणाली, "मामांचा हात डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

"माका काय झाला नाय."

"मामा, मूठ वळून दाखवा."

मामांनी मूठ वळायचा प्रयत्न केला आणि मग समुद्राकडे बघत बसले.

"मी एकटी तीन दिवस चाक नाही धरू शकत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, ऑफिसातला. "विल्या दिवसा तासभर ठीक आहे. झोपेत माझ्याकडून काही झालं तर तुम्ही दोघं आहात बोटीवर. गोव्यात जाऊ."

"आणि तुझे मैल?" मी विचारलं.

"जातील."

"परत कधी?"

"कोणती बोट, विल्या?"

तिने बोट वळवली. नाक पूर्वेला, किनाऱ्याकडे. मी तिच्याकडे बघत नव्हतो. शाळेत तिला चारशे मीटरमध्ये शेवटच्या वळणावर पडताना मी बघितलं होतं. तेव्हाही ती उठली, फ्रॉक झटकला आणि चालत शेवटपर्यंत गेली. तोच चेहरा.

पण बोट वळली आणि एक गंमत झाली. लाटा आता मागून यायला लागल्या. मळणं थांबलं, बोट झुलायला लागली. कालपासून पहिल्यांदा माझं पोट जागेवर आलं. मला भूकही लागली. आणि भूक लागलेल्या माणसाला विचार सुचतात. म्हटलं, कोचीचं तर राहिलंच. सहाशेवा मैलही नाही. निदान स्पीकर वर नेऊ, मामांना एखादं गाणं ऐकवू, वातावरण जरा हलकं होईल.

खाली गेलो, वाकलो, कप्प्याचं झाकण काढलं, टॉवेल बाजूला केला आणि स्पीकर पोटाशी धरून उचलला.

"विलास."

वरून आवाज. ती मला विलास म्हणते ते फक्त माझ्या आईसमोर.

"काय?"

"आत्ता काय केलंस?"

"काही नाही."

"सरांचा पडदा एकशेतीसवरून नव्वदवर आला. कंपासही नव्वद आहे. दोन्ही एक झाले. हातात काय आहे तुझ्या?"

"काही नाही गं."

"जे काही नाही आहे, ते परत जागेवर ठेव."

ठेवलं.

"एकशेतीस. आता काढ."

काढलं.

"नव्वद. ठेव."

"वैशाली, ऐक ना..."

"ठेव. एकशेतीस. काढ. नव्वद. आता ते काही नाही घेऊन वर ये."

मी बाळासारखा स्पीकर कडेवर घेऊन शिडी चढलो. मामांनी मान वाकडी करून बघितलं. "ह्या काय?"

"स्पीकर."

"गाण्याचो?"

"हो."

वैशालीच्या दोन्ही हातात चाक होतं, म्हणून मी जिवंत आहे असं मला वाटतं. तिने समोर बघत, शाळेच्या तोंडी परीक्षेला विचारतात तसं विचारलं, "स्पीकरच्या आत काय असतं, विल्या?"

"कोन असतो."

"अजून?"

"कॉईल असते."

"अजून?"

मी समुद्राकडे बघितलं. तिकडे मदत नव्हती. "लोहचुंबक."

"केवढा?"

"बशीएवढा."

"हे तू दुकानात किती वेळा बघतोस?"

"रोज. रविवारी बंद असतं."

"आणि मी काल विचारलं तेव्हा?"

"तू लोखंडी विचारलंस. हा सागवानी आहे."

मामांनी सुजलेला हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने मला जवळ बोलावलं आणि स्पीकरच्या मागच्या बाजूला बोटाने दोनदा ठोकून बघितलं, मासा ताजा आहे का बघतात तसं. मग म्हणाले, "वैशू, हेका टाकूया समुद्रात. स्पीकर रवांदे."

"आणलास कशाला पण?" तिने विचारलं.

सांगण्यावाचून इलाज नव्हता. सांगितलं. सहाशे मैल झाले की वाजवणार होतो, तुझ्यासाठी, तुला न सांगता.

तिने तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की दुसरं काही, ते मला आजही सांगता येणार नाही. हाताला पट्ट्या असल्यामुळे तिने डोळे बाहीला पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "मामा, आपण बंदरात शिरलो का?"

"खंय? जमीन तरी दिसता काय तुका?"

"नांगर टाकला?"

"नाय."

"मग मैल चालू आहेत. चाळीस मिनिटं रस्ता चुकलो, एवढंच. पण मामा, तुमचा हात? तुम्ही नको म्हणालात तर मी जाते गोव्यात. खरंच."

मामांनी सुजलेला हात पुढे केला. "ताणान बांध. हाड मोडला असता तर एव्हाना मी तुका गाळी घातल्यो असत्यो. यंत्र चलयता तर माझो हात कित्याक होयो? वळय."

मी माझी लाकडी पट्टी आणि केबल बांधायची चिकटपट्टी आणली आणि मामांचा हात असा आवळून बांधला की दोन दिवसांतलं माझं पहिलं बिनचूक जोडकाम तेच. वैशालीने बोट दक्षिणेला घेतली. लाटा परत समोरून. मग तिने केळकर सरांचं बटण दाबलं आणि चाकावरून हात काढले, एक एक बोट, जसं झोपलेल्या मुलाजवळून काढतात.

चाक इकडे जरासं हललं, तिकडे जरासं हललं. आम्ही तिघं मागे वळून पाण्यातली रेघ बघत बसलो. सरळ. शाळेतल्या केळकर सरांनी पट्टीने आखावी इतकी सरळ.

"झोपते," वैशाली म्हणाली. "तीन तास. आरमार आलं तरच उठवा." आणि ती जिथे बसली होती तिथेच, सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवलेला ठेवून, आडवी झाली.

स्पीकर तिने झोपायच्या आधीच बोटीच्या नाकाजवळच्या कप्प्यात, सगळ्या होकायंत्रांपासून जास्तीत जास्त लांब बांधायला लावला होता. ती तर मलाही तिथेच बांधायला सांगणार होती, पण भांडी कोण धुणार?

उठल्यावर तिने नोंदवही घेतली. बोटीवर जे घडतं ते या वहीत लिहावं लागतं आणि परीक्षेला तीच वही बघतात. मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं. बिघाड: स्वयंचलित सुकाणू. कालावधी: दोन दिवस. कारण: विद्युत तज्ज्ञ.

"अगं, असं लिहितात का?"

"खरं लिहायचं असतं रे वहीत."

मामांनी चौथ्या दिवशी बांगड्याएवढा उडता मासा शिडाखाली सापडला तो तळला. समुद्र त्या दुपारी निवळला, आणि पुढे कोचीपर्यंत सगळं इतकं सुरळीत गेलं की त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी एकदाही ओकलो नाही. दोनदा चाक धरलं, कानावर. कोचीच्या डॉक्टरने मामांच्या हाताचा फोटो काढला. हाड शाबूत होतं. दंतवैद्यांनी बोट बघितली, आम्हाला जेवू घातलं आणि उगाच माझ्या दातांकडे बघत राहिले.

परीक्षा जानेवारीत झाली, तोंडी. मी दुकानात होतो, एका देवळाचा भोंगा उघडून बसलेला, तेव्हा वैशालीचा फोन आला. अंधेरीच्या मेट्रो स्टेशनावर होती, मागे घोषणा चालल्या होत्या.

"झालं रे," ती म्हणाली. "मिळालं. उद्या ऑफिसात राजीनामा."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग विचारायचं म्हणून विचारलं, "काय काय विचारलं त्यांनी?"

"वही बघितली सगळी. मग म्हणाले, समोरून लाटा होत्या, मागून वारा होता, एक माणूस जखमी होता, झोप नव्हती. या सगळ्यात बोटीला सगळ्यात मोठा धोका कशाचा होता?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"तुझं नाव सांगितलं. आडनावासकट."